ओहायो राज्याने दिलेल्या अधिकाराने

मी पाद्री झाले ती गाडी धुवायच्या रांगेत. पुढच्या गाड्या हलत नव्हत्या, हातात फोन होता, आणि जिचं लग्न मी लावणार होते त्या कोरीनने सकाळपासून "झालं का गं?" विचारून डोकं खाल्लं होतं. म्हणून एकदाची ती घरबसल्या पाद्री करणारी वेबसाइट उघडली. नाव, पत्ता, ईमेल. खाली एक चौकोन होता. मी हे मनापासून मागते आहे, अशी त्यात खूण करायची. मनापासून म्हणजे किती, ते विचारलं नव्हतं. खूण केली. गाडी साबणाच्या फेसात शिरायच्या आत उत्तर आलं: अभिनंदन, रेव्हरंड मार्सेला हुदाक.

ओहायोत एवढ्यावर भागत नाही. राज्याच्या कचेरीतही नाव नोंदवावं लागतं, मग लग्न लावायचा अधिकार मिळतो. तेही केलं. वेबसाइटवाल्यांनी वर एक पाकीट माझ्या गळ्यात मारलं. त्यात जाड कागदाचं प्रमाणपत्र होतं आणि गाडीच्या काचेत ठेवायला 'पाद्री' असं लिहिलेलं कार्ड.

"हे कार्ड कशाला?" आईने विचारलं.

"इस्पितळासमोर गाडी लावायला जागा मिळते म्हणे."

"तुझ्या स्टीफनमामाचे गुडघे झिजले गं पाद्री होता होता. अर्धं आयुष्य गेलं त्याचं. आणि ही बया गाडी धुता धुता झाली!" आईने कणीक ओट्यावर आपटली. "दे आशीर्वाद. माझाही गुडघा दुखतोय. बघू दे तुझी करामत."

आई हे लग्न मानत नव्हती. चर्चबाहेरचं, घटस्फोटितेचं, आणि लावणार कोण, तर शाळेच्या खानावळीत पोरांना मॅकरोनी वाढणारी तिची मुलगी. तरी ऑगस्टपासून ती अक्रोडाचे रोल भाजून फ्रीजरमध्ये रचत होती. आमच्या यंगस्टाउनच्या बाजूला लग्नात केक नसला तरी चालतो, पण कुकीचं टेबल लागतंच. दोन्हीकडच्या आयाबाया महिनोन्‌महिने भाजतात. "लग्न खोटं असेल, माझे रोल खरे आहेत," आई म्हणाली. तिच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही.

कोरीन पेट्रेला आणि मी पहिलीपासून एका बाकावरच्या. तिचं पहिलं लग्न आमच्याच चर्चमध्ये, डोक्यावर लांब पांढरी जाळी घेऊन, दोनशे माणसांपुढे झालं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "मी तुझ्यावर प्रेम करीन," आणि नवराही तेच म्हणाला होता. तो पाच वर्षांत पिट्सबर्गच्या एका बाईबरोबर निघून गेला. ते लग्न चर्चने रद्द ठरवल्याशिवाय आमचे फादर दुसरं लावत नाहीत, आणि रद्द ठरायला किती काळ लागेल ते फादरनाही सांगता येत नव्हतं. कोरीनपाशी काळ नव्हता.

तिला नसांचा आजार आहे. डावा पाय ओढत चालते. वर्षातून दोनदा इस्पितळात हाताला सुई लावून तिला एक औषध चढवतात. ते वेळेवर चढलं की पाय आहे तिथे टिकतो. चुकलं की काय होतं ते तिने त्याच आजाराने चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या मावशीकडे पाहिलं आहे. ज्या दुकानाच्या हिशेबखात्यात ती होती ते बंद पडलं आणि त्याच्याबरोबर विमाही गेला. आता ती पडदे शिवणाऱ्याकडे अर्धा दिवस जाते. सरकारी मदत मिळायला तिची कमाई जास्त, आणि स्वतःचा विमा घ्यायला फारच थोडी. पुढचं औषध डिसेंबरात होतं.

आणि व्हर्जिल बँको रेल्वेत होता. मालगाड्यांवर. रेल्वेचा विमा म्हणजे आमच्याकडे सोन्याची खाण, बायको झाली की तीही त्यात. व्हर्जिल विधुर, मोठ्या हातांचा, कमी बोलणारा माणूस. कोरीनच्या ओसरीची मोडकी पायरी त्यानेच बसवली, तिच्या दारातला बर्फ तोच उपसायचा. मागे एकदा त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. तरी तो बर्फ उपसतच राहिला. या उन्हाळ्यात तिनेच त्याला विचारलं, "तुझा अजून तो विचार आहे का?"

तो म्हणाला, "आहे." एवढंच.

लग्नाच्या आधी पंधरा दिवस मी लिहिलेला लग्नविधीचा मजकूर घेऊन तिच्या ओसरीवर गेले. मी फार झटून लिहिला होता. कोरीनने चष्मा लावला, वाचला, आणि शिवणाची पेन्सिल काढून एका शब्दावर काट मारली.

"हा नको."

बघते तर 'प्रेम'.

"अगं, लग्न आहे ते," मी म्हटलं. "महानगरपालिकेचा ठराव नाही."

"मान देईन लिहिलंयस, ते राहू दे. बरोबर राहीन, ते राहू दे. आजारी पडला तर उशाशी बसेन, तो आंघोळ न करता झोपला तरी काही बोलणार नाही. हे सगळं खरं आहे मार्सी, मी करीन. पण तो शब्द मला विचारू नकोस."

"नुसतं 'हो' तर म्हणायचंय तुला. लोक बँकेत याहून मोठं खोटं बोलतात."

"तो चांगला माणूस आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय मग! वाईट असता तर बोलले असते. एकदा तो शब्द मी लोकांपुढे बोलले आणि समोरच्याने खोटा परत केला. तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत आहे. व्हर्जिलला मी ते करणार नाही. तू विचारलंस ना, तर मी तिथेच गप्प उभी राहीन. सांगून ठेवते."

मला तिचा इतका राग आला! विम्यासाठी माणसाचं नाव, घर, म्हातारपण सगळं घ्यायचं आणि एका शब्दापाशी येऊन देवभोळं व्हायचं. पण ओसरीवरून उठताना तिने हाताने डावा पाय उचलून खाली ठेवला. मी म्हटलं, नाही विचारणार. कुणाच्या लक्षातही येणार नाही. लग्नात बोललेलं कोण ऐकतो, सगळ्यांचे डोळे कुकीच्या टेबलावर.

दुसऱ्या आठवड्यात व्हर्जिल शाळेच्या खानावळीच्या मागच्या दाराशी आला. टोपी हातात. मी भांड्यांच्या वाफेत उभी होते.

"कामात आहेस का?"

"नाही, नाचतेय. बोल."

"आमच्या आईची एक इच्छा आहे," तो म्हणाला. "तिच्या लग्नात जे जुने शब्द होते ते घालशील का? दोघांनाही विचारतात ना, प्रेम करशील का, मान देशील का, सुखात दुःखात, आजारात आणि धडधाकट असताना. तेवढेच. बाकी तुझं तू काय लिहिलंस ते छानच असेल."

नाही म्हणायला काय कारण देणार होते मी? जुने शब्द कुणाच्या बापाचे नाहीत. मी म्हटलं, "घालते."

तो गेला नाही. टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

"तू तिला पहिलीपासून ओळखतेस," तो म्हणाला.

"हो."

मला वाटलं आता विचारणार. खरं सांगावं तर लग्न मोडेल आणि डिसेंबर चुकेल. खोटं सांगावं तर या माणसाच्या तोंडाकडे बघून कसं सांगावं? त्याने माझ्याकडे बघितलं, मग भांड्यांकडे बघितलं.

"बरं," तो म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

मी कोरीनला फोन केला. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आता कर काय करायचं ते.

"त्याला विचार तो शब्द," ती म्हणाली. "मला नको विचारू. एकदा ऐकला की त्याच्या आईचं समाधान होईल."

"आणि कळलं म्हणजे?"

"तू शाळेत पोरांना किती वेळा सँडविचमध्ये शेंगदाण्याचं बटर डबल लावलंय म्हणून सांगतेस, कळतं का कुणाला?"

"ती सात वर्षांची असतात गं, कोरीन!"

तिने फोन ठेवला. मी त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी लग्न लावायला सांग, असं म्हणू शकले असते. पण न्यायाधीशाकडे गेली तर तो छापील मजकूर वाचणार, त्यात तो शब्द असणार. तिने मला का निवडलं ते मला तेव्हा उमगलं. मैत्रीसाठी नव्हे, काट मारून घ्यायला.

लग्न शनिवारी दुपारी, गावातल्या फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये. बंब बाहेर आवारात काढून उभे केले होते. आत भिंतीला लागून कुकीचं टेबल, पांढऱ्या चादरींवर थाळ्याच थाळ्या: जाळीदार इटालियन कुकी, जर्दाळू भरलेल्या, आणि मधोमध आईचे रोल. आई स्वतः टेबलाशी पहाऱ्याला उभी होती, कारण शब्द संपायच्या आधी हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे आणि व्हर्जिलचे रेल्वेतले मित्र नियम पाळणारे दिसत नव्हते.

व्हर्जिलची आई पहिल्या रांगेत खुर्चीवर. कोटाला भलं मोठं फूल. तिने माझा हात धरला.

"रेव्हरंड, तुमचं चर्च कुठे आहे हो?"

"माझं... माझं सध्या फिरतं आहे," मी म्हटलं.

"छान," ती म्हणाली. "व्हर्जिल एकटाच मरणार म्हणून मला झोप लागत नव्हती. तुम्ही फार मोठं काम करताय."

मी कागद उचलून पुढे जाऊन उभी राहिले.

कोरीन निळ्या पोशाखात आली. काठी नको म्हणाली होती, भावाच्या दंडाला धरून आली. माझ्यासमोर उभी राहिल्यावर तिने भावाचा दंड सोडला आणि व्हर्जिलने लगेच आपला कोपर पुढे केला. तिने तो धरला. धरावाच लागला.

माझा आवाज मोठा आहे. रोज तीनशे पोरांवर ओरडून कमावलेला. मी स्वागत केलं, दोन विनोद केले, लोक हसले. मग व्हर्जिलला विचारलं. तू कोरीनवर प्रेम करशील का, तिला मान देशील का, सुखात दुःखात, आजारात आणि धडधाकट असताना तिच्याबरोबर राहशील का?

"हो," तो म्हणाला. त्याच्या आईने डोळे पुसले.

मग मी कोरीनकडे वळले आणि भरभर बोलले. तू व्हर्जिलला मान देशील का, सुखात दुःखात, आजारात आणि धडधाकट असताना त्याच्याबरोबर राहशील का?

"हो," कोरीन म्हणाली. स्वच्छ, मोठ्याने.

झालं, असं म्हणून मी श्वास सोडला. कागदाचं पान उलटणार तेवढ्यात व्हर्जिल म्हणाला, "मार्सी, एक राहिलं."

तो सहज म्हणाला, जेवताना मीठ राहिलं असं सांगावं तसा. सगळा हॉल हसला. मागून रेल्वेवाला कुणीतरी ओरडला, "अरे, पैसे परत मागा!" टेबलापाशी माझी आई मान हलवत होती, मी म्हटलंच होतं अशी.

मी कोरीनकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. ती शाळेतली कोरीन होती, सिस्टरनी छडी उगारली तरी खिडकी मी फोडली नाही म्हणजे नाही म्हणणारी. मी विचारलं की ती गप्प उभी राहणार. शंभर माणसांपुढे, त्या म्हातारीपुढे. आणि नाही विचारलं तर का नाही विचारलं, ते मी काय सांगणार होते? अधिकार होता म्हणे माझ्याकडे. राज्याच्या नोंदणीचा कागद पाकिटात होता. त्या अधिकाराने मला पुढचं एक वाक्य बोलता येईना आणि मागचं एक मागे घेता येईना. हॉलमधलं हसू हळूहळू विरायला लागलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते थांबवू शकले नाही.

व्हर्जिल माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, आई लहानपणापासून सांगते. त्याने ते वाचलं. मला दिसलं ते. त्याने कोरीनकडे बघितलंही नाही. फक्त तिचा हात ज्यावर होता तो कोपर त्याने अंगाशी जरा घट्ट धरला.

मग तो लोकांकडे वळून म्हणाला, "गंमत केली हो! पहिलंच लग्न लावतेय ही. म्हटलं जरा घाम फोडावा." आणि मला म्हणाला, "काही राहिलं नाही. चल, रेव्हरंड. पुढचं."

हॉल फुटल्यासारखा हसला. व्हर्जिल विनोद करतो हे त्याच्या मित्रांनाही नवीन होतं, ते बाक बडवायला लागले. मी कागदात तोंड खुपसून वाचलं की ओहायो राज्याने मला दिलेल्या अधिकाराने मी तुम्हाला नवराबायको जाहीर करते. त्याने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. तिनेच तोंड वर केलं होतं, त्याने कपाळ निवडलं.

लग्नाच्या परवान्यावर सह्या झाल्या. आईने टेबल मोकळं केलं आणि सगळे तुटून पडले. कोरीन पाय स्टुलावर ठेवून बसली होती. मी जवळ गेले तेव्हा तिने माझी बाही ओढून मला खाली वाकवलं.

"त्याला कळलं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "खरंच गंमत केली त्याने."

"मार्सी."

"सांगितलं ना, नाही."

तिचे खांदे सैल पडले. ती माझ्यावर विश्वास ठेवायला तयारच होती. मी तिला जर्दाळूची कुकी आणून दिली. दुसरं काय देणार होते?

हवा खायला मी आवारात गेले तर व्हर्जिल बंबाच्या पायरीवर बसला होता, कोट काढून. मी परत फिरणार होते.

"तो कागद कुठे पाठवायचा असतो?" त्याने विचारलं.

"परवान्याचा? कोर्टात. महिनाभर मुदत असते."

"महिना नको लावू. कोर्टाने नोंद केली की दाखला मिळतो, आणि तो दिल्याशिवाय रेल्वे तिचं नाव घालत नाही. तिची सुई डिसेंबरात आहे."

"सोमवारी सकाळी स्वतः नेऊन देते."

"बरं होईल." त्याने बुटाच्या टोकाने खडा ढकलला. "मला कळलंय, हे तिला कळलं का?"

"नाही."

"मग कळू देऊ नकोस."

मला त्याच्याशेजारी बसावंसं वाटलं, पण बसून काय बोलणार? मी खानावळीतली बाई. माझ्या एका खिशात तिचं गुपित होतं आणि दुसऱ्यात त्याचं, आणि दोघंही आत एका टेबलावर जेवायला बसणार होती, जन्मभर. त्यातलं एकही मला कुठे ठेवता येत नव्हतं.

व्हर्जिलने दोन्ही तळव्यांनी तोंड चोळलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"मार्सी, तुला सांगितलेलं तुझ्यापाशीच राहतं का गं? म्हणजे खऱ्या पाद्र्याला कबुलीत सांगतात तसं?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण त्या दिवशी त्या माणसाला आणखी एक खोटं सांगायचं माझ्या जिवावर आलं. कुणी शिकवलंच नव्हतं मला ते. त्या चौकोनाखाली त्यातलं काही लिहिलेलं नव्हतं.

"मला माहीत नाही, व्हर्जिल," मी म्हटलं.

"मग राहू दे."

तो उठला, कोट घातला, बटणं लावली आणि आत गेला. मी त्याच्यामागून हाक मारणार होते, की सांग रे, राहील, मी ठेवीन. पण आत त्याला बघून टाळ्या सुरू झाल्या होत्या. कोरीन हात पुढे करून उभी राहायचा प्रयत्न करत होती, आणि तो तिला उचलायला चार ढांगांत तिथे पोचलाही होता.